आठव्या दिवशी पाय पुन्हा का टोचतात?

पायांवरच्या केसांविषयी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात सांगितलं होतं. आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे: केस काढले की त्वचा चिडते, त्वचेला जपावं तर केस लगेच परत येतात. त्वचारोगतज्ज्ञ आणि ब्यूटी थेरपिस्ट यांनी मिळून दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : वय २७. दर पंधरा दिवसांनी पार्लरमध्ये पायांचं वॅक्सिंग करते. त्याच संध्याकाळी लाल ठिपके उठतात आणि आठव्या दिवशी हात फिरवला की काटे लागतात. मैत्रिणींचे पाय महिनाभर छान राहतात. माझेच केस भराभर वाढतात का? (सोलापूर)

उत्तर : नाही, तुमच्या केसांचा वेग इतरांसारखाच असणार. पायाचा केस दिवसाला साधारण पाव मिलिमीटर वाढतो, म्हणजे आठ दिवसांत जेमतेम दोन मिलिमीटर. मुळासकट निघालेल्या केसाच्या जागी नवा केस आधी तयार व्हावा लागतो, मग तो काही मिलिमीटर खालून वर येतो. त्याला आठवडे लागतात. तेव्हा आठव्या दिवशी टोचणारा केस उपटलेला नसतोच. एकतर तो वॅक्सिंगच्या वेळी मध्येच तुटलेला असतो, नाहीतर त्या दिवशी त्वचेखाली किंवा पट्टीत न सापडण्याइतका आखूड असतो.

यातलं तुमच्या बाबतीत काय होतंय ते घरीच पाहता येईल. पुढच्या वेळी वापरलेली एक पट्टी मागून घ्या, खिडकीपाशी उजेडात धरा आणि चिमट्याने दहा-बारा केस सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवा. मुळासकट आलेल्या केसाच्या एका टोकाला मोहरीच्या शतांश भागाएवढी का होईना, पण फुगीर गाठ दिसते. कधी ती पांढुरकी असते, कधी काळसर. तुटलेल्या केसाला गाठ नसते, खालचं टोक बोथट असतं. दहातले चार-पाच केस असे बिनगाठीचे निघाले, तर दोष तुमच्या केसांचा नाही, ओढणाऱ्या हाताचा आहे.

केस तुटण्याची कारणं ठरलेली आहेत. वॅक्स थंड होऊन जाड बसलं, तर ते केसाला नीट धरत नाही. पट्टी वर, छताच्या दिशेने उचलली, तर केस त्वचेच्या काठावर मोडतो आणि वर त्वचा काळी-निळी पडते. पट्टी त्वचेला लागून, जवळजवळ समांतर, एका झटक्यात मागे न्यायची असते. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरलेली हवी. तिसरं कारण सगळ्यांत जास्त दुर्लक्षित, ते म्हणजे केसांची दिशा. नडगीवर केस सरळ खाली वाढतात, म्हणून तिथे काम सोपं. पोटरीवर ते तिरके, एका बाजूला वळलेले असतात. मांडीवर ते बाहेरच्या बाजूला झुकतात आणि गुडघ्याच्या वाटीवर तर चक्क भोवरा असतो. घाईत अख्ख्या पायावर वरून खाली वॅक्स लावून खालून वर ओढलं की नडगी स्वच्छ होते आणि पोटरीवर निम्मे केस तुटून राहतात. पोटरीवर आणि मांडीवर पट्ट्या लहान घ्या, गुडघा वाकवून करा, असं सांगायला संकोच करू नका.

पंधरा दिवसांचं वेळापत्रक बदला. वॅक्सला केस किमान पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा लागतो. पंधरा दिवसांत तो तेवढा होत नाही. मग आखूड केस सुटतात म्हणून तीच जागा दोनदा-तीनदा ओढली जाते, आणि तुमचे लाल ठिपके नेमके तिथूनच येतात. पट्टीबरोबर त्वचेचा वरचा कोरडा थरही निघतो. एकदा ओढलं तर नाजूक त्वचाही सहसा निभावते, दुसऱ्यांदा ओढलं की सोलवटते. एका जागी एकदाच हा नियम ठेवा, उरलेले चुकार केस चिमट्याने काढा. चार ते पाच आठवडे थांबा आणि मधे रेझर अजिबात फिरवू नका, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. केस बारा मिलिमीटरहून लांब झाले असतील तर आधी कात्रीने कापून घ्या. लांब केस ओढताना विनाकारण दुखतं. पाळी येण्याआधीच्या दिवसांत बऱ्याच जणींना जास्त लागतं, तेव्हा पाळीनंतरचा आठवडा बरा.

वॅक्सिंगनंतर लगेच उठणारे ठिपके म्हणजे ओढलेल्या प्रत्येक केसाभोवती त्वचेने दिलेली प्रतिक्रिया. ते काही तासांत, फार तर दिवसभरात बसतात. थंड पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ सुती कापड दहा मिनिटं ठेवा, नंतर कॅलामाइन किंवा बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. बर्फ थेट लावू नका. तुरटीही नको, ती दाढीनंतर चालते म्हणून सोललेल्या पायावर चालेल असं नाही, झोंबते आणि कोरडं पाडते. दोन दिवस कढत पाणी, पोहण्याचा तलाव, घासणी आणि घट्ट लेगिंग किंवा जीन्स बंद. उन्हाळ्यात घामट जीन्स घालून दुचाकीवर तासभर बसलं, तर उत्तम केलेलं वॅक्सिंगही पुरळावर जातं. सैल सुती सलवार किंवा पायजमा घाला.

प्रश्न : मागच्या महिन्यात ‘चॉकलेट वॅक्स’ केलं. दुसऱ्या दिवसापासून इतकी खाज सुटली की चार दिवस झोप नव्हती. साधं साखरेचं वॅक्स घरी करता येईल का? प्रमाण द्याल? (नाशिक)

उत्तर : लगेच लाल होऊन दिवसभरात बसतं तो ओढल्याचा त्रास. एक-दोन दिवसांनी खाज *वाढत* जाते, चट्टे पसरतात, बारीक पाण्याचे फोड दिसतात, तेव्हा ॲलर्जीचा संशय घ्यायचा. चॉकलेट, ॲलो, स्ट्रॉबेरी ही नावं रंगाची आणि वासाची. अशा तेलात विरघळणाऱ्या वॅक्सचा आधार बहुधा राळ असतो आणि राळ ही ॲलर्जीसाठी ओळखली जाणारी वस्तू आहे. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीनेही तुमची त्वचा लाल होत असेल, तर संशय आणखी पक्का. डब्यावर ‘रोझिन’ किंवा ‘कोलोफनी’ लिहिलेलं असेल ते वॅक्स टाळा. सुगंधही कारण असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (संशयित वस्तू त्वचेवर लावून पाहण्याची चाचणी) करून घेतली की नेमकं कळतं.

साखरेच्या वॅक्समध्ये राळ नसते आणि ते साध्या पाण्याने निघतं. घ्या २०० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे गाळलेला लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे पाणी (मोठा चमचा १५ मिलिलिटरचा). जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर विरघळू द्या, उकळी आली की आच मंद करा. सुरुवातीचे मोठे पांढरे बुडबुडे हळूहळू बारीक आणि दाट होतात, रंग मधासारखा होतो. आता एक थेंब वाटीभर गार पाण्यात टाका. बोटांत धरल्यावर मऊ गोळी झाली आणि दाबल्यावर चपटी झाली, की गॅस बंद. लाडवासाठी पाक करणाऱ्यांना हे सांगायला नको: एकतारी राहिला तर तो पायाला नुसता चिकटून बसेल, आणि कडक गोळी झाली तर गार झाल्यावर काचेसारखा तडकेल. लिंबू कमी घालू नका. त्याच्या आंबटपणाने साखरेचा काही भाग फुटतो, म्हणून पाक परत दाणेदार होत नाही. जास्त शिजलाच तर चमचाभर पाणी घालून पुन्हा मंद आचेवर ठेवा.

पातेल्यातला पाक ११५ अंशांच्या आसपास असतो. त्यात बोट घालून पाहण्याचा मोह घातक आहे. अर्धा तास गार होऊ द्या, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून फक्त कोमट लागतो ना ते पाहा. पायाला आधी चिमूटभर टाल्कम पावडर, म्हणजे घाम टिपला जातो. वॅक्स केसांच्या दिशेने पातळ लावा, पट्टी दाबा, उलट दिशेने ओढा, लगेच तळहात दाबून धरा. जुन्या जीन्सच्या पट्ट्या उत्तम चालतात, मात्र प्रत्येक वेळी गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवा आणि एकीच्या पट्ट्या दुसरीला देऊ नका. पावसाळ्यात हा पाक हवेतलं पाणी ओढून सैल पडतो, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. केस पडलेलं उरलेलं वॅक्स परत बरणीत घालायचं नाही.

पहिल्या वेळी रुपयाएवढ्या जागेवर करून ४८ तास थांबा. फुगलेल्या शिरा, तीळ, गजकर्ण, ओरखडे, उन्हाने भाजलेली त्वचा यांवर कुठलंच वॅक्स नको. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वॅक्सिंग सहन होत नाही म्हणून रेझर वापरते. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. शेव्हिंगनंतर पाय कोरडे, आग होते आणि दुसऱ्याच दिवशी खुंट. आई म्हणते रेझरने केस राठ होतात. (लातूर)

उत्तर : आईंना सांगा, १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून पाहिले होते. दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असंच दिसलं. तरी आईंचं बोट चुकीचं सांगत नाही. न कापलेला केस टोकाला निमुळता असतो. रेझर तो बुंध्यापाशी आडवा कापतो, म्हणून वर येणारं टोक जाड आणि बोथट लागतं.

दुसऱ्या दिवशीचे खुंट टाळता येणार नाहीत, रेझर त्वचेच्या वरचंच कापतो. अगदी तळापासून कापायच्या नादात मात्र बिघाड होतो. उलट्या दिशेने दाबून फिरवलं, तर केसाचं टोक त्वचेच्या खाली जातं आणि वर येताना वाट चुकतं. आग होणाऱ्या त्वचेने एक दिवसाचा गुळगुळीतपणा सोडून द्यावा आणि दोन-तीन दिवसांआड शेव्हिंग करावं.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरट साका होतो आणि तो त्वचेवर बसून राहतो. म्हणून पायांना साबण लावून शेव्हिंग करू नका. बिनवासाचं शेव्हिंग जेल घ्या. नसेल तर केसांचं साधं कंडिशनरही चालतं. आंघोळीच्या शेवटी करा, म्हणजे केस भिजून मऊ झालेले असतात. जेल लावून दोन मिनिटं थांबा. रेझर केसांच्या दिशेने, म्हणजे नडगीवर वरून खाली, वजन न देता फिरवा आणि दर ओढीनंतर पाण्यात खळबळवा. पाच पात्यांपेक्षा एक-दोन पात्यांचा रेझर नाजूक त्वचेला सोसतो. पाच ते सात वेळा वापरून पातं बदला आणि न्हाणीघरात ओला ठेवू नका. शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घ्या. टिपून कोरडं करा आणि तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा.

तेही पुरेसं लावा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका पायाला, पाऊल सोडून, अशा सहा रेघा लागतात. म्हणजे दोन्ही पायांना मिळून रोज सहा ग्रॅम, आणि १०० ग्रॅमची ट्यूब सोळा-सतरा दिवसांत संपायला हवी. तुमची तीन महिने पुरत असेल, तर कोरडेपणाचं कारण तिथेच आहे.

प्रश्न : पोटऱ्यांवर आणि मांड्यांवर बारीक काळे ठिपके, काही ठिकाणी आत गुंडाळलेला केस दिसतो. पार्लरवाल्या ताई ‘इनग्रोथ’ म्हणतात आणि सुईने काढून देतात. नंतर तिथे काळा डाग राहतो. स्क्रबने रोज घासते, काही फरक नाही. (नागपूर)

उत्तर : सुई आधी बंद. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला थोडी जरी इजा झाली की ती तिथे रंग साठवते. केस दोन मिनिटांत निघतो, डाग जायला महिने लागतात. रोजचं घासणंही तेच करतं, फक्त जास्त जागेवर.

तुटलेला किंवा फार खालून कापलेला केस वर येताना त्वचेखालीच वळतो, याला इनग्रोथ म्हणतात. काही जणींना त्याबरोबर जन्मजात खडबडीतपणाही असतो: केसाच्या तोंडाशी त्वचेचं केराटिन (केस आणि त्वचेचा वरचा थर ज्याचा बनतो ते प्रथिन) साठून काटा आल्यासारखे दाणे होतात, बहुधा मांड्यांवर आणि दंडांच्या मागच्या बाजूला. उपाय दोन्हींना जवळजवळ एकच, तोंडाशी साचलेला थर हळूहळू विरघळवणं. १० टक्के युरियाचं क्रीम किंवा १२ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड अथवा अमोनियम लॅक्टेटचं लोशन घ्या. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, मग एक दिवसाआड. केस काढल्यानंतर ४८ तास लावायचं नाही, भयंकर झोंबतं. याच कामासाठी मिळणारं सॅलिसिलिक ॲसिड गरोदरपणात अंगाच्या मोठ्या भागावर लावू नका, युरिया चालतो. पाय उघडे राहत असतील तर सनस्क्रीन हवंच, नाहीतर डाग गडद होत जातील. फरक सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो, दोन आठवड्यांनी ट्यूब बदलू नका.

वरवर दिसणारा गुंडाळलेला केस सोडवायचा असेल तर कोमट पाण्याचं कापड दहा मिनिटं ठेवा आणि स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने फक्त त्याचं वेटोळं वर उचला. उपटू नका, उपटलात की पुढचा केस पुन्हा त्याच वाटेने आत वळेल. त्या भागाला महिनाभर वॅक्स, रेझर, एपिलेटर (केस उपटणारं यंत्र) सगळ्यांची सुट्टी. एपिलेटर पुढेही जपूनच. घाईने फिरवला की तो केस उपटण्याऐवजी तोडतो.

ठिपक्यांऐवजी पुवाच्या पुटकुळ्या येत असतील तर तो जंतुसंसर्ग. पार्लरमध्ये पायावरून फिरलेला चाकू पुन्हा वॅक्सच्या डब्यात जातो का, ते पाहा. जात असेल तर पार्लर बदला. लाली पसरत असेल, जागा गरम आणि दुखरी झाली असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नका. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लाली दोन दिवसांत दबते, आतला संसर्ग वाढत राहतो आणि पुढे त्वचा पातळ पडते.

प्रश्न : नेहमीच्याच पार्लरमध्ये, नेहमीचंच वॅक्स. या वेळी नडगीवरची साल निघाली. वॅक्स गरमही नव्हतं. (ठाणे)

उत्तर : मुरुमांवर काही औषध सुरू केलंय का? आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी सगळ्या अंगाची त्वचा पातळ आणि ठिसूळ होते. त्या चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर सहा महिने वॅक्सिंग कुठेच नको. ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीनचं क्रीम त्याच भागावर लावत असाल, तर आठवडाभर आधी थांबवा. सोललेल्या जागेवर पेट्रोलियम जेली पातळ लावा, खपली काढू नका. पार्लरमध्ये शिरताना औषधं सांगायची सवय लावा, तिथे बहुधा कुणी विचारत नाही.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची. शाळेत पायांच्या केसांवरून चिडवतात. तिला लगेच त्रास होतो, त्वचा फार नाजूक. हेअर रिमूव्हल क्रीम चालेल? (कराड)

उत्तर : क्रीम नको. त्यातलं थायोग्लायकोलेट केसाचं केराटिन तोडतं, त्यासाठी त्याचा पीएच बाराच्या आसपास, म्हणजे फार क्षारयुक्त, ठेवलेला असतो, आणि त्वचाही केराटिनचीच. मिनिटं चुकली की भाजतं. छोटा बॅटरीचा ट्रिमर घ्या: केस मिलिमीटरभर राहतो, लांबून दिसत नाही, त्वचेला इजा नाही, टोचतही फारसं नाही. आठवड्याला दहा मिनिटं. मात्र केस काढायचेत की नाहीत हे तिलाच ठरवू द्या. हळद-बेसन चोळून केस कायमचे जात नाहीत, त्वचा लाल होते एवढंच.

प्रश्न : बहिणीने अमेरिकेहून घरी वापरायचं आयपीएल (प्रकाशाच्या झोतांनी केस कमी करणारं) यंत्र आणलंय. माझा रंग सावळा आहे. वापरू का? की लेझरच करू? (पुणे)

उत्तर : यंत्राच्या खोक्यात त्वचेच्या रंगांचा तक्ता असतो, आधी तो नडगीला लावून पाहा. ही यंत्रं केसातल्या काळ्या रंगाला उष्णता देतात. त्वचाच सावळी असेल तर तीही ती उष्णता घेते आणि चट्टे पडतात. तुमचा रंग तक्त्याच्या गडद टोकाशी जुळत असेल तर यंत्र बहिणीकडे परत जाऊ द्या.

दवाखान्यातल्या लेझरमध्ये १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग सावळ्या त्वचेला सगळ्यांत सुरक्षित, डायोडही अनुभवी हातात चालतो. कुठलं यंत्र वापरणार हे विचाराच. ‘लेटेस्ट मशीन’ हे उत्तर नव्हे. पायांना साधारण सहा ते आठ बैठका, प्रत्येकीत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर, नंतर वर्षातून एखादी. केस कमी आणि बारीक होतात, सगळे कायमचे जात नाहीत. पांढऱ्या केसांवर काही होत नाही. आधीचे चार आठवडे वॅक्स आणि एपिलेटर बंद, कारण लेझरला मूळ जागेवर लागतं. आदल्या दिवशी रेझर फिरवून जा. ताज्या उन्हाने रापलेल्या पायांवर करू नका, गोव्याची सहल आधी ठरली असेल तर बैठक महिनाभर पुढे ढकला.

आणखी एक. हे केस गेल्या वर्ष-दोन वर्षांत जाड झाले असतील, हनुवटीवर आणि पोटावरही आले असतील आणि पाळी अनियमित असेल, तर लेझरचे पैसे भरण्याआधी हार्मोन्सच्या तपासण्या करून घ्या. पीसीओएस (अंडाशयांशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) असेल तर लेझरने गेलेले केस पुन्हा नव्याने जाड होत राहतात.